मुलांचा लठ्ठपणा : सुरुवात कुठे होते आणि पालकांच्या हातात काय असते?

बालवैद्य_पुणे

पुण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना दोन तक्रारी मी सर्वाधिक ऐकतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे पालक म्हणतात, ‘हा काहीच खात नाही’, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाचे पालक म्हणतात, ‘याचं वजन आवरत नाही’. या तक्रारी दोन वेगळ्या घरांतल्या वाटतात. प्रत्यक्षात पुष्कळदा त्या एकाच मुलाच्या फायलीत आठ-दहा वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या सापडतात. मुलांच्या लठ्ठपणाची चर्चा बहुधा पिझ्झा, मोबाइल आणि मैदानांचा अभाव यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ही कारणे खरी आहेतच. परंतु माझ्या मते सुरुवात त्याच्या बरीच आधी, घरातल्या भरवण्याच्या पद्धतीत होते, आणि पालकांना करण्याजोगे सर्वांत जास्त तिथेच असते. म्हणून हा धागा काढत आहे.

जन्मतः तीन किलोच्या आसपास असलेले बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण नऊ किलोचे होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोंनीच वाढते आणि त्यापुढे शाळेत जाईपर्यंत वर्षाला सुमारे दोन किलोंनी. वाढीचा वेग असा मंदावला की भूकही कमी होणारच. याच काळात मूल चालू-धावू लागते, उंची वाढते, गाल बसतात आणि बाळसे उतरते. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय पहिल्या वर्षाच्या सुमारास चढलेला असतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरत जातो आणि त्यानंतर पुन्हा चढू लागतो. हा दुसरा चढ ज्या मुलांत लवकर, म्हणजे तीन-चार वर्षांतच सुरू होतो, त्यांच्यात पुढे लठ्ठपणाचे प्रमाण जास्त आढळते. थोडक्यात, ज्या वयात मुलाने सडपातळ व्हावे अशी शरीराची रचना आहे, नेमक्या त्याच वयात घरातली माणसे ‘किती वाळलाय हा’ म्हणून घाबरतात.

मग वाटी घेऊन घरभर फिरणे सुरू होते. काऊचा घास, चिऊचा घास, त्यात काही बिघडत नाही. पण पुढे टीव्हीवरचे कार्टून येते आणि त्याच्याही पुढे मोबाइल. मूल पडद्याकडे बघत आ करते, चमचा तोंडात जातो, गिळायचे राहिले की गाल दाबून आठवण करून दिली जाते, आणि पाऊण तासाने वाटी रिकामी झाली की घराला हायसे वाटते. मान फिरवणे, घास गालात धरून ठेवणे, चमचा हाताने ढकलणे, या सगळ्यांतून मूल स्पष्टपणे सांगत असते की पोट भरले. ते रोज चार वेळा, तीन-चार वर्षे ऐकून न ऐकल्यासारखे केले की मूल ते सांगणे सोडून देते, आणि काही काळाने त्याला स्वतःलाही ते कळेनासे होते. आठव्या वर्षी समोर वेफर्सचा मोठा पुडा आला की तो संपेपर्यंत हात थांबत नाही. तेव्हा आपण त्याला ‘हावरट’ म्हणतो.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो उलगडला तो पुण्यातच. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजनात एवढी तफावत असताना त्वचेखालच्या चरबीत मात्र तेवढी तफावत नव्हती; उणीव होती ती स्नायूंत आणि पोटातील अवयवांच्या आकारात. दिसायला किडकिडीत पण आतून चरबी राखून असलेली आपली ही ठेवण आहे. अशा बाळाचे वजन घाईघाईने वाढवण्याचा आटापिटा केला, तर वाढलेल्या वजनात चरबीचा वाटा मोठा राहतो. आपल्या लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो, हे ध्यानात घेऊन भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांत अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २३ बीएमआयशी आणि लठ्ठपणाची २७ शी जुळवून आखली. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत त्या २५ आणि ३० ला जुळवलेल्या असतात. परदेशी ॲपमध्ये मुलाची उंची-वजन घालून ‘सगळे ठीक’ असे उत्तर मिळवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. काय शिजवायचे, घरात काय आणायचे, केव्हा आणि कुठे बसून जेवायचे, हे पालकांनी ठरवावे, आणि ते ठामपणे ठरवावे. किती खायचे हे मात्र मुलाला ठरवू द्यावे, अगदी सहाव्या-सातव्या महिन्यात वरचे अन्न सुरू होते तेव्हापासून. आज बहुतेक घरांत याच्या नेमके उलट चालते. काय खायचे ते मूल ठरवते आणि किती खायचे ते आई.

सदस्यांनी आपापले अनुभव आणि शंका जरूर मांडाव्यात.

ओसरी

लेख वाचून मनातल्या बऱ्याच गोष्टी जुळल्या. आम्ही नाशिकला राहतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, वर्गातल्या मुलींत उंच आहे आणि वजन ४४ किलो आहे. सासरकडची सगळी मंडळी अंगाने भरलेली असल्यामुळे ‘घराण्याचा बांधा आहे, वयात आली की उंची वाढेल आणि सुटेल’ असे सगळे म्हणतात. शेजारच्या बाई थायरॉइड तपासा म्हणून मागे लागल्या आहेत. आणखी एक गोष्ट विचारायची होती. तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, जाडसर पट्टा दिसू लागला आहे. सासूबाई दर रविवारी डाळीचे पीठ, हळद आणि दही लावून तो चोळतात, तरी निघत नाही. मुलीला ते झोंबते आणि ती रडते. याचा वजनाशी काही संबंध असू शकतो का?

बालवैद्य_पुणे

ओसरी, आधी एक विनंती, मान चोळणे आजच थांबवा. प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज निदान करता येत नाही, परंतु तुम्ही केलेले वर्णन मळाचे नाही. मानेच्या मागे, काखेत किंवा कोपराच्या घडीत त्वचा काळी, जाड आणि मखमलीसारखी होणे ही बहुधा शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नसल्याची खूण असते. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन तयार करते आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनचा परिणाम त्वचेच्या पेशींवर होतो. पीठ, लिंबू, घासणी, गोरेपणाचे मलम यांपैकी कशानेही ती जात नाही. वजन आटोक्यात येऊ लागले की हळूहळू फिकट होते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांच्या मानेवर चोळून चोळून ओरखडे उमटलेले असतात आणि मूल शरमेने मान खाली घालून बसलेले असते.

थायरॉइडविषयी एक साधी गोष्ट उपयोगी पडते. थायरॉइड किंवा दुसऱ्या एखाद्या संप्रेरकाच्या बिघाडामुळे वजन वाढते, तेव्हा सहसा उंची खुंटते. जास्त उष्मांकांमुळे लठ्ठ झालेली मुले मात्र आपल्या वयाच्या मुलांपेक्षा उंच असतात. तुमची मुलगी उंच आहे म्हणजे संप्रेरकाचे मूळ असण्याची शक्यता कमी. पण ही उंची पुढेही अशीच वाढत राहील, असे समजू नका. लठ्ठ मुलींना पाळी लवकर येण्याचा संभव असतो आणि त्यानंतर उंची फारशी वाढत नाही. ‘वयात आली की सुटेल’ या भरवशावर वाट पाहणे म्हणूनच धोक्याचे आहे. घराण्याच्या बांध्याचा वाटा मी नाकारत नाही. अनुवंशिकता इथे बरीच प्रभावी असते. मात्र एकाच जनुकातील दोषामुळे होणारा लठ्ठपणा फार विरळा, आणि तो बहुधा अगदी तान्हेपणीच, कधी न शमणाऱ्या भुकेच्या रूपाने दिसू लागतो. बाकीच्यांना वारशाने कल मिळतो, आणि त्याच घरातली जेवणाची पद्धतही मिळते.

घरी करण्याजोगी एक चाचणी सांगतो. बेंबीच्या पातळीवर मोजपट्टीने पोटाचा घेर घ्या. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर पोटात चरबी साठते आहे असे समजून डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, यकृताची तपासणी आणि कोलेस्टेरॉल एवढे पाहणे योग्य ठरेल. ती झोपेत घोरते का, तेही सांगा. हल्ली शाळकरी मुलांच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी आढळणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि त्या मुलाला स्वतःला काहीच त्रास जाणवत नसतो.

खडूफळा

मी ठाणे जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. घरातल्या भरवण्याबद्दल डॉक्टरांनी लिहिले, त्याचे पुढचे प्रकरण आम्ही डब्यांत पाहतो.

छोट्या सुट्टीत पूर्वी फळ, चणे-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी असे काहीतरी असायचे. आता निम्म्याहून अधिक डब्यांतून क्रीमची बिस्किटे, केक किंवा वेफर्स निघतात. मोठ्या सुट्टीच्या डब्यात जॅम लावून गुंडाळलेली पोळी किंवा नूडल्स असतात आणि सोबत फळांच्या रसाची म्हणून दिलेली डबी. अशा २०० मिलिलिटरच्या आंब्याच्या गोड पेयात साधारण २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून मिळणारी साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांवर आणावी. दिवसाला १,६०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी हे ४० आणि २० ग्रॅम होतात. म्हणजे एका डबीतच आदर्श मर्यादा ओलांडली जाते. सकाळी घरून निघताना दुधात घातलेली चॉकलेटी पावडर वेगळीच. अशा पुष्कळ पावडरींच्या वजनात साखरेचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि तरीही पालक ती पोषणाच्या भरवशावर देतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढण्याची सूचना केली. पण घराघरांतल्या बरण्यांवर तिचा परिणाम झालेला मला दिसत नाही.

नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ विकण्यास मनाई केली. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले. आमच्या फाटकाबाहेर मात्र गोळा, चायनीज भेळ आणि पाच रुपयांची पाकिटे आजही मिळतात, आणि शाळा सुटल्यावर ती घेऊन देणारे हात बहुधा पालकांचे किंवा आजोबांचेच असतात.

वाढदिवसाचा विषय मला महत्त्वाचा वाटतो. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे वर्षभरात चाळीस वेळा चॉकलेट, आणि वर प्रत्येकाला घरी न्यायला पुडा. गेल्या काही वर्षांपासून माझ्या वर्गात वाढदिवसाला खाऊ आणू नये असे आम्ही पालकसभेत ठरवले. मूल वर्गाच्या वाचनपेटीला एक गोष्टीचे पुस्तक देते आणि त्या दिवशी सगळ्यांना आपल्या आवडीचा खेळ खेळायला लावते. मुलांनी ते आनंदाने स्वीकारले. काही पालकांना ते पटवायला वेळ लागला, कारण आपल्या मुलाने काही वाटले नाही तर कमीपणा येईल असे त्यांना वाटत होते.

झोपेचाही उल्लेख करायला हवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते आणि तृप्ती देणारे कमी होते. मुले उशिरा झोपतात हे कारण पुढे करूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुले उशिरा झोपतात कारण घरात साडेअकरापर्यंत टीव्ही सुरू असतो. शाळा उशिरा भरवून यातला अर्धाच प्रश्न सुटतो; बाकीचा अर्धा पालकांकडेच राहतो.

पाटावरवंटा

मी सत्तरीची आजी आहे. या चर्चांमध्ये आजी-आजोबांवर नेहमी बोट ठेवले जाते, म्हणून लिहिते.

१९७२ च्या दुष्काळात मी सोलापूर जिल्ह्यात होते. रोजगार हमीच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना मोडायची आणि घशाखाली उतरता उतरत नसे. आमच्या धाकट्या भावंडांची पोटे खपाटीला गेलेली मी पाहिली आहेत. ज्या पिढीने हे पाहिले तिला ताटात टाकलेला घास सहन होत नाही, आणि गुबगुबीत नातवंड पाहिले की जीव निवांत होतो. ही माया आहे, अडाणीपणा नव्हे, एवढे तरुण पालकांनी समजून घ्यावे.

मात्र डॉक्टरांचे म्हणणे मला पटले. आमच्या काळी मुलांना आग्रह होत असे, तो पातळ आमटी, भाकरी आणि पालेभाजीचा, आणि मुले दिवसभर उन्हातान्हात हुंदडत असत. आज तोच आग्रह बेकरीच्या खारीचा आणि चीज घातलेल्या टोस्टचा होतो, आणि मूल गादीवरून उठत नाही. आग्रह तसाच राहिला, ताट बदलले. माझ्या सुनेने मला रागावून नव्हे तर नीट बसवून सांगितले की आई, तुम्ही त्याला भरवू नका, त्याच्याबरोबर जेवायला बसा. आता आम्ही दोघे शेजारी बसून जेवतो. तो काही वेळा अर्धी पोळी खाऊन उठतो. मला चुटपुट लागते, पण मी काही बोलत नाही. आजी-आजोबांना घरातला शत्रू न ठरवता असे एखादे काम सोपवले, तर ते आनंदाने करतात.

रानवारा

धागा चांगला आहे, पण एका मुद्द्यावर माझा स्पष्ट मतभेद नोंदवतो. सगळे खापर शेवटी आईच्या चमच्यावर फुटते आहे. आम्ही दोघे नोकरी करतो, पिंपरीहून हिंजवडीला जाण्यायेण्यात रोजचे दोन-अडीच तास जातात, मुलगा पाळणाघरातून थेट क्लासला जातो. सोसायटीच्या नकाशात दाखवलेल्या खेळाच्या जागेवर आज चारचाकी उभ्या असतात आणि बाहेरच्या रस्त्याला पदपथ नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे. आमच्या मुलाच्या शाळेत त्या नावाने फरश्या घातलेले एक अंगण आहे आणि पी.टी.चा तास परीक्षेच्या दिवसांत गणिताला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मुलाने रोज तासभर दमवणारी हालचाल करावी. ती कुठे करायची?

दुसरे म्हणजे बाजार. कार्टूनमधले पात्र पुड्यावर छापायचे, आत खेळणे घालायचे, क्रिकेटपटूकडून जाहिरात करून घ्यायची आणि मग मुलाने मागितले की पालकांना दोष द्यायचा, हे न्याय्य नाही. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर ठळक काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले आणि मुलांना भुलवणारी चित्रे अशा पाकिटांवरून काढायला लावली. ब्रिटनमध्ये २०१८ साली गोड पेयांवरचा कर साखरेच्या प्रमाणाशी जोडला, तेव्हा कर लागू होण्याआधीच कंपन्यांनी साखर कमी केली. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. साखरयुक्त शीतपेये ४० टक्क्यांवर गेली हे उत्तम झाले. पण त्याच वेळी बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम आणि फरसाण ५ टक्क्यांवर आले. पालकांनी एका बाजूला झगडायचे आणि दुसऱ्या बाजूला हेच पदार्थ स्वस्त व्हायचे, हे कसे चालेल?

बालवैद्य_पुणे

रानवारा, तुमचा मतभेद मला मान्य आहे आणि तो या धाग्यात हवाच होता. ‘आईचा चमचा’ हे शब्द मला खटकले, कारण त्यात तथ्य आहे. भरवण्याचे काम आपण आईवर टाकले आहे, म्हणून दोषही तिच्या वाट्याला येतो. मी पालक म्हणतो तेव्हा त्यात वडील आलेच पाहिजेत. किराणा कोण आणते, रात्री दहा वाजता ॲपवरून मागवलेला बर्गर घरात कोणासाठी येतो आणि जेवताना हातात फोन कोणाच्या असतो, याची उत्तरे बहुतेक घरांत वडिलांपाशी असतात.

बाजाराबद्दल तर शंकाच नको. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ साली एक नेटका प्रयोग झाला. वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले. दोन्ही जेवणांत साखर, चरबी, तंतू आणि उष्मांक सारखे मांडले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. पहिल्या प्रकारात ती माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. मोठ्यांचा हात जिथे थांबत नाही, तिथे पाच वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा करणे चुकीचे आहे. म्हणूनच मी पालकांना सांगतो की मुलाला ‘नको खाऊस’ म्हणत बसण्यापेक्षा तो पुडा घरात आणू नका. डब्यात असलेली गोष्ट नाकारायला रोज भांडण करावे लागते. जी डब्यात नाही ती एकदाच, दुकानात नाकारावी लागते.

मैदानाच्या बाबतीत मात्र एकट्या घराने काही होत नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तास तास बोलले जाते. तिथे मुलांच्या खेळाची जागा आणि वेळ हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आणणे हेही पालकांचेच काम आहे.

गावकूस

मी मराठवाड्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. हा शहरातल्या श्रीमंतांचा प्रश्न आहे असे अजूनही समजले जाते, म्हणून दोन शब्द लिहिते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ साली देशात २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. आकडा लहान आहे, पण त्याच पाहणीत तिसरा हिस्सा मुले अजूनही खुजी आहेत. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात दोन्ही दिसते. आई कापूस वेचायला जाताना मुलाच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवते. दुपारपर्यंत त्याची कुरकुरे, क्रीमचे बिस्कीट आणि रंगीत पेप्सी होते. अंगणवाडीतल्या उसळीला मग ते शिवत नाही. अशा मुलाची उंची खुंटलेली असते आणि पोट सुटलेले. आईला ते मूल धष्टपुष्ट वाटते, आणि वयानुसार वजनाच्या तक्त्यातही ते हिरव्या पट्ट्यात बसते. उंचीशी ताडून पाहिले तरच खरे कळते, म्हणून उंची काटेकोरपणे मोजण्याचा मी आग्रह धरते, जरी मुले उंचीमापकावर सरळ उभी राहत नाहीत आणि त्यात बराच वेळ जातो.

इथल्या आयांना ‘पाकीट वाईट’ सांगून उपयोग होत नाही, कारण त्यांच्या मनात पाकीट म्हणजे शहरातल्या मुलांसारखे खाणे. त्याच पाच-दहा रुपयांत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा किंवा एक अंडे येते, हे समोर ठेवून दाखवले की ऐकतात.

टेम्सकाठ

इंग्लंडमधला अनुभव सांगतो. इथे सरकारी शाळांत २००६ पासून पहिल्या वर्गातल्या चार-पाच वर्षांच्या आणि सहावीतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची-वजने मोजतात आणि बऱ्याच ठिकाणी पालकांना घरी पत्र येते. लहान गटात साधारण दहांपैकी एक मूल लठ्ठ आढळते, मोठ्या गटात पाचांपैकी एकाहून अधिक. मधल्या सहा वर्षांत प्रमाण दुप्पट होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आमच्या ओळखीच्या एका मराठी घरात असे पत्र आले. आई-वडिलांना तो अपमान वाटला. मुलाच्या समोरच त्यावर मोठमोठ्याने चर्चा झाली, आणि पुढे दर शनिवारी नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर ‘जाड्या, वजन किती झालं?’ असे विचारले जाऊ लागले. तो मुलगा हळूहळू खोलीत एकटा खाऊ लागला. दप्तरात रिकामी वेष्टने सापडू लागली. टोमण्याने वजन कमी झाल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. लपून खाणे वाढल्याचे मात्र पाहिले आहे. आपल्याकडे ‘ढब्बू’, ‘गोलू’ अशी लाडाची नावे सर्रास ठेवतात. दहा वर्षांच्या मुलाला त्यातला लाड ऐकू येत नाही.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. मान चोळणे बंद केले आहे आणि सासूबाईंना पाटावरवंटा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मुलीचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला. ती घोरतेही. या आठवड्यात तपासण्या करून घेणार आहोत. डॉक्टर, तोवर तिला भात, तूप आणि बटाटा बंद करावा का? एका नातेवाइकांनी रात्रीचे जेवण पूर्ण बंद करून फक्त सूप द्यायला सांगितले आहे.

बालवैद्य_पुणे

नाही. वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवू नका आणि तिचे ताट घरातल्या इतरांपेक्षा वेगळे करू नका. नऊ वर्षांच्या मुलीत पहिले उद्दिष्ट वजन उतरवण्याचे नसते, ते आहे तिथे थांबवण्याचे असते. वर्षभरात उंची पाच-सहा सेंटिमीटरने वाढेल आणि वजन ४४ च्या आसपास राहिले, तर बीएमआय आपोआप खाली येईल. तपासण्यांत मधुमेह किंवा यकृताचा त्रास निघाला, तर मात्र योजना बदलावी लागेल, आणि ती तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावी. घोरण्याचा उल्लेख त्यांच्याकडे आवर्जून करा, कारण झोपेत श्वास अडत असेल तर त्यावर वेगळे उपचार आहेत.

भात आणि चमचाभर तूप यांनी हे वजन वाढलेले नाही. आधी गोड पेये आणि दुधातली पावडर बंद करा. साधे दूध दिवसाला दोन कप पुरते. वरण-भात, पोळी, उसळ, भाजी, ताक हे जेवण सर्वांनी एकत्र, पडदे बंद ठेवून, शक्यतो साडेआठच्या आत जेवा. भाजी आणि डाळ आधी वाढा, भात नंतर. दुसऱ्यांदा वाढताना तिला ‘अजून भूक आहे का’ एवढेच विचारा, आणि ती हो म्हणाली तर वाढा. सुरुवातीचे काही आठवडे ती जास्तही खाईल, कारण कोणीतरी हात आखडता घेईल ही धास्ती तिच्या मनात असणार. तेव्हा घाबरून पुन्हा मोजमाप सुरू करू नका. सायकल, दोरीच्या उड्या, लंगडी, जे तिला आवडेल ते घरातल्या एका मोठ्या माणसाने तिच्यासोबत रोज करावे. एकटीला ‘जा, खेळ’ म्हणून ती जाणार नाही, कारण इतर मुले तिला खेळायला घेत नसण्याचा संभव आहे, आणि ती ते तुम्हाला सांगणार नाही.

वजनकाटा तिच्या खोलीत ठेवू नका. महिन्यातून एकदा दवाखान्यात वजन आणि तीन महिन्यांतून एकदा उंची, एवढी नोंद पुरे. तपासण्यांचे निकाल आले की इथे लिहा.